आधी दोन घास, मग चहा



सकाळी सहापासून साडेनऊपर्यंत आपल्या घरात किती पोटं भरली, याचा हिशेब एकदा करून पाहा. यजमानांचा डबा गेला, मुलांच्या डब्यात पोळीभाजी गेली, सासूबाईंना चहाबरोबर दोन बिस्किटं मिळाली, मामंजींची पथ्याची लापशी झाली, कामाला येणाऱ्या बाईच्या हातातही कपभर चहा पडला. आणि तुमचं काय? 'माझं काय हो! मला सकाळी काही जातच नाही.'

अमरावतीची राजापेठ असो की अकोल्याची जठारपेठ, हे उत्तर घरोघरी सारखंच. खेड्यातून शहरात आलेली एखादी बाई तेच आपल्या बोलीत सांगते, 'सकायी सकायी जीव मयमय करते वं माय, घासच उतरत नाही.' घास तोंडात फिरतो, फोडणीचा वास आला की उमासा येतो, म्हणून आपण चहाचा कप पोटात ढकलतो आणि कामाला लागतो. अकरा वाजले की डोकं दुखायला लागतं, हातपाय गळतात, चिडचिड होते. पहिला धड घास पोटात जातो तो बारा-साडेबाराला, उभ्याउभ्या, उरलेल्या पोळीचा.

'न्याहारी करत जा' एवढंच सांगून मोकळं होणं सोपं आहे. पण जिला अन्नाचा वाससुद्धा नको वाटतो, तिनं ती करावी कशी? आज त्याचाच विचार करू.

भूक का लागत नाही?

पहिली गोष्ट, हा तुमचा नखरा नव्हे. सकाळी भूक कमी असणं हे शरीराच्या घड्याळातच आहे. २०१३ साली अमेरिकेत एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. माणसांना दिवस-रात्रीचा सुगावा लागणार नाही अशा खोलीत ठेवून त्यांच्या भुकेची नोंद केली, तेव्हा ती सकाळी आठच्या सुमाराला सर्वांत कमी आणि रात्री आठच्या सुमाराला सर्वांत जास्त असल्याचं दिसलं. म्हणजे रात्रभर उपाशी राहूनही सकाळी भूक नसते, यात नवल काहीच नाही.

दुसरी गोष्ट आपल्या हातची आहे. रात्रीचं जेवण नऊ-साडेनऊला आणि दुसरा घास दुपारी बाराला, म्हणजे पोट चौदा-पंधरा तास रिकामं. जठरातलं आम्ल काही आपली वाट पाहत थांबत नाही. त्या रिकाम्या पोटात आपण ओततो कडक, गोड, उकळून काढलेला चहा. त्यानं आम्ल आणखी वाढतं, मळमळ होते, जी थोडी भूक असते तीही मरते. मग आपण म्हणतो, 'बघा, मळमळतंय, आता खायला नको.' खरं तर खाल्लेलं नाही म्हणून मळमळतंय!

तिसरी गोष्ट मात्र आशेची आहे. भूक ही सवयीची चाकर आहे. १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी घ्रेलिन नावाचं एक संप्रेरक शोधून काढलं. ते मुख्यतः जठरातच तयार होतं आणि मेंदूला भुकेची वर्दी देतं. आपली जेवणाची जी नेहमीची वेळ असते, तिच्या थोडं आधी ते वाढतं. रोज बाराला जेवणाऱ्या बाईचं पोट बाराच्या आधी कुरकुरतं ते त्यामुळेच. रोज आठला दोन घास जायला लागले, की हळूहळू पोट आठलाही वर्दी द्यायला शिकतं. 'भूक लागली की खाईन' म्हणून बसलात, तर ती वेळ येणारच नाही. आधी खाणं आणि मागाहून भूक, असा इथला क्रम आहे.

सुरुवात कशी करावी?

पहिल्याच दिवशी बशीभर पोहे घेऊन बसू नका. घास कोंबला की तो परत येतो आणि मन आणखी विटतं. महिन्याभराचा बेत करा.

पहिला आठवडा: उठून चूळ भरली की अर्धा पेला कोमट पाणी, एकेक घोट. मग मूठभर ज्वारीच्या लाह्या, किंवा चार फुटाणे, किंवा कोरड्या भाकरीचा पापुद्रा. चहा त्यानंतर. या आठवड्यात एवढाच नेम पाळायचा: आधी दोन घास, मग चहा. चहाही थोडा फिका आणि अर्धा कप.

दुसरा आठवडा: ते दोन घास आहेतच. त्यानंतर तासा-दीड तासानं, घरातली पहिली धांदल ओसरली की, अर्धी वाटी काहीतरी मऊसर. वेळ मात्र ठरलेली हवी. आज आठ, उद्या दहा असं केलं तर पोटाला शिस्त लागत नाही.

तिसरा आणि चौथा आठवडा: अर्ध्या वाटीची एक वाटी करा. आता त्यात डाळ, दही, फुटाणे, फल्लीदाणे, चालत असेल तर उकडलेलं अंडं, असं काहीतरी प्रथिनांचं येऊ द्या. नुसत्या बिस्किटांनी पोट भरल्यासारखं वाटतं आणि तासाभरात पुन्हा कलमलायला लागतं. मूठभर, म्हणजे साधारण ३० ग्रॅम फुटाण्यांत सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. एवढ्या स्वस्तात दुसरं काय मिळणार!

एखाद्या दिवशी नाहीच उतरला घास, तर नाद सोडा. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. आणि बसूनच खा. ओट्याशी उभं राहून, एका हातानं पोळी उलटत घेतलेला घास अंगी लागत नाही.

सकाळच्या न्याहारीचं निम्मं काम आदल्या रात्री होतं, हेही लक्षात ठेवा. रात्रीचं जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर हवं. साडेदहाला तिखट रस्सा-भाकर जेवून अकराला आडवं झालं, की आम्ल घशाशी येतं आणि सकाळी तोंड कडू होतं. सगळ्यांची वाट पाहत जेवण लांबणारच असेल, तर सात-साडेसातला आपण वाटीभर वरणभात खाऊन घ्यावा आणि रात्री पंगतीला अर्धी भाकर घ्यावी.

वासाचा त्रास आणि वऱ्हाडी उतारा

बऱ्याच जणींना अन्नापेक्षा त्याचा वास छळतो. तापलेल्या तेलाचा, लसणाचा, उतू गेलेल्या दुधाचा. गरम पदार्थाला वास जास्त, गार आणि कोरड्याला कमी. म्हणून सकाळचे पहिले दोन घास फोडणी पडायच्या आधी खाऊन घ्यावेत. खिडकी उघडी ठेवावी. भाजीची फोडणी शक्य असेल तर दुसऱ्या कुणी घालावी.

आणि काय खावं, यासाठी बाजारातले महागडे डबे आणायची गरज नाही. आपल्या वऱ्हाडात ज्वारी होती तोवर हा प्रश्नच नव्हता. लाह्या, कण्या, आंबील, ताकात कुस्करलेली भाकर, सगळं बेतानं आंबट, बिनवासाचं, पोटाला हलकं. शेतात सोयाबीन आलं, ज्वारी मागे पडली आणि घरातून कण्याही गेल्या. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साऱ्या जगानं पाळलं. आपल्याला तर ती कोठीतच सापडायची! महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला वर्षातून एकदा करतो ती आंबील अशा पोटासाठी फार गुणाची.

आंबील: दोन मोठे चमचे ज्वारीचं पीठ अर्धी वाटी ताकात रात्री कालवून ठेवा. उन्हाळ्यात चार-पाच तास पुरे, नाहीतर फार आंबते. सकाळी दीड वाटी पाणी उकळून त्यात हे कालवण हळूहळू ओता आणि गुठळी होऊ न देता सात-आठ मिनिटं शिजवा. मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घाला. कोमट किंवा गार करून, वरून थोडं ताजं ताक घालून, एकेक घोट घ्या. छातीत जळजळ होत असेल त्यांनी आंबट ताक टाळून ताजंच वापरावं.

उकडपेंडी: ही तर आपली हक्काची न्याहारी. पण सकाळच्या फोडणीचा वास नको असेल, तर युक्ती अशी. चक्कीवरून थोडी जाडसर कणीक दळून आणा. दुपारी निवांत वेळी एक वाटी कणकेला तीन-चार चमचे तेल घालून मंद आचेवर खमंग, बदामी भाजा. त्यातच जिरं, चिमूटभर हिंग, हळद आणि मूठभर भाजलेले फल्लीदाणे घाला. गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. आठवडाभर टिकते. सकाळी हवी तेवढी कढईत गरम करायची, मीठ घालायचं आणि गरम पाण्याचे किंवा ताक-पाण्याचे हबके मारत मोकळी होईपर्यंत झाकून वाफ आणायची. वाटीभर कणकेला पाऊण ते एक वाटी पाणी पुरतं. वरून सांबार आणि लिंबू. मिरची नावाला, किंवा नाहीच.

आता रविवारची गोष्ट. यजमान हौसेनं गरम कचोरी, आलुबोंडे नाहीतर गिला वडा घेऊन येतात. त्यांचा उत्साह मोडू नका, पण मळमळणाऱ्या रिकाम्या पोटावर तळण घालू नका. आधी आंबील किंवा केळं, मग चवीपुरता तुकडा. संत्र्याचंही तसंच. वरूड-मोर्शीकडची संत्री घरात आली की सकाळी उठून तेच सोलावंसं वाटतं. पण आंबट फळ पहिल्या घासाला नको, न्याहारीनंतर खा. तेव्हा त्यातलं 'क' जीवनसत्त्व धान्यातलं लोह अंगी लागायलाही मदत करतं.

सोमवार, गुरुवार, चतुर्थी असे उपास करणाऱ्यांनी दिवस नुसत्या चहावर काढू नये. उपासाला चालेल असं दही, राजगिऱ्याची लाही, मूठभर फल्लीदाणे, केळं सकाळी आठलाच घ्यावं. देव काही पित्त वाढवून घे म्हणत नाही. आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या वर पारा चढणं अकोल्याला नवं नाही. त्या दिवसांत रात्री पाणी कमी प्यायलं गेलं तरी सकाळी डोकं जड होतं, कसंनुसं होतं. उशाशी तांब्या-भांडं असू द्या.

गोळ्यांचंही बघा

दवाखान्यातून मिळालेली लोहाची लाल गोळी अनेकजणी सकाळी रिकाम्या पोटी, वर चहा पिऊन घेतात आणि मळमळलं की गोळ्याच बंद करतात. गोळी टाकून देऊ नका, वेळ बदला. ती जेवणानंतर, हवं तर रात्री झोपण्याआधी घ्या. चहा-दूध आणि गोळी यांत तासा-दीड तासाचं अंतर ठेवा, कारण चहा लोह शोषू देत नाही. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीनंही काहींना मळमळतं. तीही अन्नाबरोबर घ्यायची असते. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगून वेळ किंवा मात्रा बदलून घ्या.

हे एवढं सांगायचं कारण, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. रक्त कमी म्हणून थकवा, थकव्यानं अन्नावरची वासना जाते, खाल्लं नाही म्हणून पुन्हा रक्त कमी. हे चक्र सकाळच्या दोन घासांनी एका दिवसात तुटणार नाही, पण तोडायला सुरुवात तिथूनच करता येते.

दिवस गेले असतील तर

पाळी चुकली आहे आणि सकाळी उमासे येताहेत, तर आधी तपासणी करून घ्या. गर्भारपणात दहापैकी सात-आठ जणींना मळमळ होते. दुसऱ्या महिन्यात सुरू होते आणि बहुतेकींची चौथ्या-पाचव्या महिन्यात ओसरते. नाव सकाळचं, पण त्रास दिवसभर कधीही होतो.

एका गोष्टीवर मात्र घरोघरी सुनेचा जीव दुखावतो. 'आम्हाला नाही हो असलं काही झालं, आम्ही तर बाळंत होईपर्यंत पाणी भरत होतो!' सासूबाई, तुमचं खरंच आहे. पण सुनेचंही खोटं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी यामागचं एक मोठं कारण जगापुढे मांडलं. गर्भाकडून जीडीएफ-१५ नावाचं संप्रेरक आईच्या रक्तात येतं आणि मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला चेतवतं. जिच्या अंगात ते आधीपासून कमी असतं, तिला त्याची सवय नसल्यामुळे त्रास जास्त होतो. या संशोधनातल्या मार्लेना फेज्झो यांनी स्वतः १९९९ साली गर्भारपणात अशा भयंकर उलट्या सोसल्या होत्या आणि त्यात त्यांचं बाळ गेलं. तेव्हा हा मनाचा खेळ नव्हे, आळस नव्हे आणि माहेरच्या लाडाचा परिणाम तर मुळीच नव्हे.

अशा भगिनींनी उशाशी लाह्या, खारी बिस्किटं किंवा कोरड्या भाकरीचे तुकडे ठेवावेत. जाग आली की पडल्यापडल्याच दोन-चार खावेत, पंधरा मिनिटं तशीच पडून राहावं आणि मग सावकाश उठावं. दर दोन तासांनी थोडं थोडं खावं. पोट पूर्ण रिकामं पडू देऊ नये आणि गच्चही भरू नये. खाताना ढसाढसा पाणी पिऊ नये, मधल्या वेळात घोट घोट प्यावं. आल्याचा तुकडा मीठ लावून चघळल्यानं पुष्कळांना बरं वाटतं. जे पोटात राहील ते खावं. सकस-निकस याची चिंता पहिल्या तीन महिन्यांत फार करू नये. लोहाची गोळीही साधारण चौथ्या महिन्यापासूनच सुरू करतात. आधीचे महिने फोलिक ॲसिडचे. ते मात्र चुकवू नका.

औषधाच्या दुकानातून 'उलटीची गोळी द्या' म्हणून आणू नका. १९५७ पासून युरोपात थॅलिडोमाइड नावाची गोळी झोपेसाठी विकली जाऊ लागली आणि गर्भारपणातल्या मळमळीवरही दिली गेली. १९६१ साली ती बाजारातून काढेपर्यंत दहा हजारांच्या वर मुलं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली होती. आज सुरक्षित औषधं आहेत, बी-६ जीवनसत्त्वासारखे साधे उपायही आहेत, पण ते डॉक्टरांनी द्यायचे. आणि घाबरून, त्रास सोसत, काहीच न घेता बसणंही बरोबर नाही.

डॉक्टरांकडे केव्हा?

गरोदर बाईच्या पोटात दिवसभर पाणीसुद्धा ठरत नसेल, आठ तासांत लघवी झाली नसेल किंवा ती गडद पिवळी होत असेल, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, वजन उतरत असेल, उलटीत रक्त दिसलं, ताप किंवा पोटात कळ असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सलाईन लावलं की पुष्कळदा चार तासांत बाई उठून बसते. वाट पाहून काही मिळत नाही. अमरावतीत डफरीन आणि अकोल्यात लेडी हार्डिंग ही शासकीय स्त्री रुग्णालयं याचसाठी आहेत. लेडी डफरीन यांनी १८८५ साली आपल्या देशातल्या बायकांना स्त्री-डॉक्टरांची मदत मिळावी म्हणून निधी उभारला, त्यांचंच नाव अमरावतीकरांच्या तोंडी आजही आहे.

दिवस गेलेले नाहीत आणि तरीही महिनाभर हा नेम पाळून मळमळ हटत नाही, वजन आपोआप कमी होतंय, घास गिळताना अडकतो, शौचाला काळी होते, डोळे पिवळे दिसतात, किंवा सकाळी डोकेदुखीबरोबर उलटी होते, तर 'पित्त आहे' म्हणून घरी बसू नका. रक्तातली साखर, कावीळ, मूत्रपिंडं, जठरातला व्रण, अर्धशिशी, यातलं काहीही असू शकतं. तपासल्याशिवाय कळत नाही.

घरच्यांसाठी चार शब्द

मेळघाटासह आदिवासी भागांत सरकारनं २०१५ साली अमृत आहार योजना सुरू केली. त्यात गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला अंगणवाडीत बसवून गरम जेवण वाढायचं ठरलं. नुसता शिधा घरी दिला, की तो सगळ्यांत वाटला जातो आणि तिच्या वाट्याला थोडाच उरतो. आपल्या शहरातल्या भरल्या घरांत धान्याची वाण नाही. वाण आहे ती तिच्यासाठी पंधरा मिनिटं बसण्याची. 'आधी पोटोबा, मग विठोबा' ही म्हण घरात सगळ्यांना लागू होते, तेवढी स्वयंपाक करणारी सोडून!

तेव्हा वहिनी, काकू, सासूबाई, तुम्हीच एकदा म्हणा, 'अगं, दोन घास खाऊन घे, मग पोळ्या लाट.' यजमानांना सांगा, सकाळचा चहा तुम्ही करा, आणि कपाबरोबर तिच्यासाठी लाह्यांची वाटीही येऊ द्या. मुलांचा डबा भरताना एक छोटा डबा आईचाही भरला जाऊ दे. शाळेत, बँकेत, कचेरीत जाणाऱ्या भगिनींनी तो पर्समध्ये टाकावा. घरी उतरत नाही तो घास कधी कधी दहा वाजता टेबलाशी आरामात उतरतो.

आज रात्री झाकपाक करताना ओट्यावर एक डबी काढून ठेवा. तिच्यात मूठभर लाह्या, चार फुटाणे. चहाच्या डब्याच्या पुढ्यातच ठेवा, म्हणजे सकाळी हात आधी तिच्यावर पडेल. महिन्याभरानं कसं काय जमलं, ते कळवा. आणि तुमच्याकडे बिनफोडणीची एखादी न्याहारी होत असेल, तर तिची कृतीही जरूर लिहून पाठवा.